दुर्दैवाचा दाखला

मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता पत्त्यांच्या क्लबात, चार नंबरच्या टेबलावर, वकिलांचे दोन एक्के हरले. घटना गंभीर असल्यामुळे तिची दखल घेणं प्रशासनाला भाग पडलं.

पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि पाच पत्ते टेबलावर सगळ्यांसाठी उघडले जातात. हातात दोन एक्के येण्याहून चांगलं काही नाही. वकिलांसमोर ठेकेदार बसले होते आणि त्यांच्या हातात सत्ती आणि दुर्री होती. याहून वाईट काही नाही. शहाणा माणूस असे पत्ते उचलल्याबरोबर टाकून देतो. पण ठेकेदार फोनवर सिमेंटच्या गाडीबद्दल कुणालातरी झापत होते, त्यामुळे त्यांचे पत्ते टाकायचे राहून गेले. टेबलावर सत्ती आली, राजा आला, नव्वी आली, गुलाम आला आणि शेवटी दुर्री आली. ठेकेदारांच्या दोन जोड्या झाल्या. वकिलांची एकच.

वकील उभे राहिले. वकिली त्यांनी बारा वर्षांपूर्वी सोडली होती, उभं राहण्याची सवय सुटली नव्हती. त्यांनी दोन्ही एक्के पत्ते वाटणाऱ्या बाईंच्या अंगावर फेकले.

"बाई, तुमचं माझ्याशी काय वाकडं आहे ते एकदा चारचौघांत सांगून टाका!"

"साहेब, मी फक्त वाटते."

"तेच म्हणतोय मी. असं वाटतात?"

त्याच टेबलावर भिंतीकडच्या खुर्चीत दगड बसला होता. त्याचं खरं नाव क्लबाच्या दप्तरात असेल. तोंडात कुणाच्या नव्हतं. गेली बावीस वर्षं तो सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा पोकर खेळत होता आणि त्यावरच त्याचं घर चालत होतं. या बावीस वर्षांत त्याने कधी पत्ता आपटला नाही, उसासा टाकला नाही, बाईंकडे डोळे वटारून पाहिलं नाही. हरला की तो समोरच्याला "छान" म्हणायचा आणि जिंकला की काहीच म्हणायचा नाही. आत्ताही त्याने खाली वाकून बाईंच्या पायाशी पडलेला इस्पिकचा एक्का उचलून दिला, एवढंच.

संध्याकाळी घरी जाऊन चहा घेताना तो बायकोला त्या दिवशीची आपली एक चूक सांगायचा. बायको शाळेत गणित शिकवायची. ती कप बाजूला ठेवून नीट ऐकायची, दोन प्रश्न विचारायची, आणि मग दोघं भाजी निवडायला घ्यायची. दगडाला पोकरमध्ये जे काही येत होतं, ते सगळं या चहावर आलेलं होतं. लोकांना वाटायचं, तो चेहऱ्याच्या जोरावर खेळतो.

तर वकिलांच्या प्रकरणानंतर व्यवस्थापकांनी सदाचाराचे अकरा नियम फळ्यावर लावले. पत्ते फेकू नयेत. वाटणाऱ्या व्यक्तीच्या माहेरचा उल्लेख करू नये. आपल्या हातात काय होतं, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नये. एका डावात एकच उसासा टाकावा, तोही हलका.

आठवडाभर क्लबात दवाखान्यासारखी शांतता होती. मग परिणाम दिसू लागले. तुंबलेलं दुःख कुठूनतरी वाट काढणारच. ठेकेदारांनी बांधकामावरच्या गवंड्याला शिडीवर चढवून, शिडी धरून, त्याला सलग तीन डाव ऐकवले. क्लबात येणारे एक दंतवैद्य होते. त्यांनी पेशंटला आ करायला लावलं आणि हुकलेल्या दश्शीची सगळी हकीकत सांगितली, कारण तोंड उघडं असलेला माणूस मध्ये बोलत नाही. त्या पेशंटची लेखी तक्रार क्लबात आली. दाढ शाबूत होती, पण डोकं दुखत होतं.

व्यवस्थापक कल्पक होते. त्यांनी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीला खिडकी पाडली आणि वर पाटी लावली: 'दुर्दैव नोंदणी कक्ष'. टेबलावर तोंड उघडायचं नाही. जे झालं ते छापील अर्जावर लिहायचं. अर्जात रकाने होते. घटनेची तारीख. हातातले पत्ते. दुर्दैवास जबाबदार कोण: शेवटचा पत्ता, वाटणारी व्यक्ती, खुर्ची, शेजारी बसलेला इसम, सकाळी घरातून निघताना बोललेलं कुणी, लागू नसेल ते खोडावे. पहिल्या पाचशे अर्जांत कुणीही काहीही खोडलं नाही.

खिडकीत कुणाला बसवायचं हा प्रश्न अनुभवाच्या निकषावर सुटला. ज्यांच्या हातून आजवर सर्वाधिक दुर्दैव वाटलं गेलं, त्या बाईंनाच तिथे बसवण्यात आलं. लोक त्यांच्याविरुद्धचा अर्ज त्यांच्याच हातात द्यायचे, आणि त्या "जोडपत्र राहिलं" म्हणून परत द्यायच्या.

अर्ज मंजूर झाला की दाखला मिळे. 'प्रमाणित करण्यात येते की सदर सभासद हे योग्य खेळले असून त्यांचे हरणे हे निव्वळ दुर्दैव होय.' खाली गोल शिक्का. हा दाखला घरी नेला की घरचे गप्प बसत. ठेकेदारांच्या आईने तो वाचून डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मला कधीचं वाटतच होतं." वकिलांनी आपले नऊ दाखले चौकटीत बसवून बैठकीत टांगले. त्या भिंतीवरची वकिलीची सनद जागेअभावी काढावी लागली.

दगडाने अर्ज केला नाही. त्याला वेळ नव्हता. तो खेळत होता.

तीन महिन्यांनी त्याला नोटीस आली. 'आपण गेली बावीस वर्षे सातत्याने नशीबवान असल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत खुलासा करावा.'

तो व्यवस्थापकांकडे गेला. "हे काय आहे?"

"दगडराव, बसा. असं बघा, क्लबात जे हरतात ते सगळे दुर्दैवी आहेत. तसे दाखलेच आहेत त्यांच्याकडे. मग जे जिंकतात ते कोण?"

"जरा बरं खेळणारे."

"ते सगळेच बरं खेळतात. दाखल्यात लिहिलंय, 'योग्य खेळले असून'. शिक्का आहे. आता राहिलं काय? नशीब. आणि ते सगळं तुमच्याकडे साठलंय. हे मी म्हणत नाही हो, दप्तर म्हणतंय."

पाचशे अर्ज व्यवस्थापकांच्या मागे शिस्तीत रचलेले होते. दगडाला त्यात चूक सापडेना. एकेक अर्ज खोटा होता. सगळे मिळून मात्र बिनतोड होते.

नशीबवानांसाठी लगेच वेगळे नियम आले. नशीबवान सभासदाने जिंकल्यावर हरणाऱ्याकडे पाहून किमान अर्धा मिनिट खेद व्यक्त करावा. तीन वेळा खेद अपुरा आढळल्यास खुर्ची काढून घेण्यात येईल. खुर्ची गेली तर वयाच्या पन्नासाव्या वर्षी दगड करणार काय होता? त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं त्याला आता कला नव्हे, साठेबाजी म्हणत होते.

बायकोने त्याला आरशासमोर बसवलं.

"भुवया जरा वर घ्या. अहो, दोन्ही!"

"दोन्हीच घेतल्यात."

"दुःख झालं की तुम्ही करता तरी काय?"

"विचार करतो."

"चेहऱ्याचं काय करता?"

"काही नाही."

तिने आपल्या बोटांनी त्याच्या भुवया वर धरल्या. "आई गेल्या तेव्हाही तुम्ही रडला नाहीत. घरातली सगळी भांडी घासलीत. घासलेली पुन्हा घासलीत." मग पदर खोचून म्हणाली, "बरं, ओठ खाली. थोडे अजून."

दुसऱ्या दिवशी दगडाने मोठा डाव जिंकला आणि ठेकेदारांकडे पाहून शिकवल्याप्रमाणे चेहरा केला. ठेकेदारांनी घाईने खिशातून गोळी काढली. "घ्या, चघळा. मलाही होतं असं. आम्लपित्त ना?"

"नाही, खेद."

खेद मोजायला नेमलेल्या निरीक्षकांनी 'अपुरा' असा शेरा मारला. तीन दिवसांत तीन शेरे झाले आणि सुनावणीची तारीख लागली.

सुनावणी सकाळी अकराला व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. सर्वाधिक दाखले असल्यामुळे सुनावणी समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने वकिलांकडे गेलं होतं. बायको शाळेतून अर्धी रजा काढून आली होती; तिला दाराशी स्टूल मिळालं.

"दगडराव," वकील म्हणाले, "आपण नशीबवान नाही हे सिद्ध करायची समिती आपल्याला पूर्ण संधी देते. पुरावा?"

"एखादा डाव खेळून दाखवू?"

समितीने हे मान्य केलं. टेबल आलं, बाईंना खिडकीतून बोलावून पत्ते वाटायला लावलं, समोर ठेकेदार बसले. पाच डाव झाले आणि पाचही डावांत दगडाला ठेकेदारांपेक्षा चांगले पत्ते येऊन तो शेवटच्या पत्त्याला हरला. दोन राजे हरले. तीन राण्या हरल्या. पाचव्या डावात तर ठेकेदारांना आपण जिंकलोय हेच कळेना. बाईंना ते दोनदा समजावून सांगावं लागलं. असं हरणं खोलीतल्या कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. दगडाने पाचही वेळा "छान" म्हटलं आणि पत्ते सरळ करून ठेवले.

समितीने आपसांत कुजबुज केली. वकिलांनी निकाल वाचला. "सदर सभासद पाच वेळा हरल्याचे समितीने पाहिले. तथापि त्यांच्या चेहऱ्यावर, आवाजात अथवा हालचालीत दुर्दैवाचा कोणताही पुरावा आढळला नाही. सबब..."

"पण तुमच्यासमोरच हरले की ते!" दाराशी बायको उभी राहिली.

"बाई, हरणं वेगळं आणि दुर्दैव वेगळं. दुर्दैव सांगावं लागतं." वकील दगडाकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची कळकळ आली. "अहो दगडराव, बावीस वर्षांत एकदा तरी तुमच्यावर अन्याय झाला असेल की नाही? एक सांगा. एकच. मी तुमच्या बाजूने आहे."

दगडाने बायकोकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"एकदा," तो म्हणाला, "चौकटच्या राणीचं झालं होतं."

एकोणीस वर्षांपूर्वीचं चौकटच्या राणीचं प्रकरण त्याने सांगितलं. त्यावरून त्याला किलवरच्या छक्कीचं आठवलं. छक्कीवरून एका सर्कसवाल्याचं, ज्याला खेळ येत नव्हता आणि जो जाता जाता त्याचा गाल ओढून गेला होता. दगडाला सगळं आठवत होतं. बावीस वर्षांतलं काही म्हणजे काही तो विसरला नव्हता. आवाज चढत गेला. एकविसाव्या हकीकतीला त्याने टेबलावर मूठ आपटली. तिसाव्या हकीकतीला तो बाईंना उद्देशून म्हणाला, "आणि तुम्ही! तुम्ही त्या दिवशी पत्ते नीट पिसलेच नव्हते!" बाईंनी मान खाली घातली. दंतवैद्यांनी रुमाल काढला. दोन तास चाळीस मिनिटांनी दगड थांबला, तेव्हा तो घामाने निथळत होता आणि ठेकेदार हुंदके देत होते.

दाखला एकमताने आणि विशेष श्रेणीत मंजूर झाला. वकिलांनी त्याला मिठी मारली. "अरे, एवढं सोसलंस आणि बोलला नाहीस!"

पहिल्यांदाच कुणीतरी त्याला अरेतुरे केलं होतं. दगडाला भलतंच हलकं वाटलं.

त्यानंतर तो बदलला. टेबलावर आला की लोक त्याला जागा करून देत, पाणी विचारत. त्याच्या दुर्दैवाला धार होती, तपशील होते. नवे सभासद ऐकायला जमत. त्याचं खेळाकडे लक्ष राहीना, कारण डाव चालू असतानाच तो अर्जातली वाक्यं जुळवत असे. तो हरू लागला. हरला की खिडकीवर जाई, दाखला घेई, आणि घरी येऊन चहाच्या कपाशेजारी ठेवी. चूक सांगायची वेळच येत नसे. घर मात्र आता बायकोच्या पगारावर चालायला लागलं होतं.

एका बुधवारी त्याने असाच दाखला ठेवला. "माझ्याकडे दोन राण्या होत्या. सुंदर पत्ते. आणि समोरच्याकडे बघ काय निघावं, एक्का!"

"टेबलावर काय उघडलं होतं?" बायकोने विचारलं.

"टेबलावर... एक्का होता. राजा होता."

"आणि समोरचा पैज वाढवत होता?"

"दोनदा वाढवली."

"मग तुम्ही राण्या टाकल्या का नाहीत?"

दगडाने दाखला तिच्याकडे सरकवला. "यात लिहिलंय. योग्य खेळले असून."

तिने तो हातातही घेतला नाही. "हा मला दाखवू नका. मी रोज पोरांच्या चुका तपासते, शिक्के बघून मला काही होत नाही. मला तुमची आजची चूक सांगा."

त्याने तोंड उघडलं. शेवटच्या पत्त्याबद्दल, खुर्चीबद्दल, बाईंच्या पिसण्याबद्दल वाक्यं तयार होती, एकामागून एक येऊन जिभेवर उभी राहत होती. हवं होतं ते एकच वाक्य येईना. कप गार झाला. बायकोने उठून एकटीनेच भाजी निवडायला घेतली, आणि तिच्या पाठीकडे बघताना दगडाला जे झालं, त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

गुरुवारी सकाळी अकराच्या आधीच तो खिडकीपाशी उभा होता. मागे मोठी रांग होती, कारण एव्हाना कक्षाची कीर्ती पसरली होती आणि तो सर्वसामान्य जनतेसाठी खुला करण्यात आला होता.

"बाई, कालचा दाखला परत घ्या. तो डाव मी चुकीचा खेळलो. तशी नोंद करा."

बाईंनी चष्मा सारखा केला, अर्ज उलटसुलट पाहिला. "साहेब, तशी जागा नाही."

"नाही म्हणजे?"

"होती सुरुवातीला. आठ नंबरचा रकाना. 'अर्जदाराची स्वतःची चूक, असल्यास.' सहा महिन्यांत एकानेही भरला नाही. मग कागद वाचवायचा म्हणून काढून टाकला."

"मग मागच्या बाजूला लिहितो."

"मागच्या बाजूला दुसऱ्यांच्या चुका आहेत. तीच जागा पुरत नाही."

रांगेतून आवाज आला, "ओ, आटपा की! आमची कामं आहेत!"

दगड खिडकीत वाकला. "मग तुम्हालाच सांगतो. टेबलावर एक्का आणि राजा उघडे असताना मी राण्या धरून बसलो. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी. आणि त्या दिवशी सुनावणीत तुमच्या पिसण्याबद्दल बोललो, ते खोटं होतं. तुम्ही उत्तम पिसता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. अठरा वर्षं त्यांनी या क्लबात पत्ते वाटले होते.

"परत एकदा म्हणा," त्या म्हणाल्या.

"उत्तम पिसता."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. रांगेत खळबळ उडाली. वकिलांनी जागच्या जागी हरकत नोंदवली. अशी जाहीर कबुली एकाने दिली, तर बाकीच्यांच्या दाखल्यांची किंमत काय राहील? संध्याकाळच्या आत दगडाचे सगळे दाखले रद्द झाले. दुर्दैवी वर्गाच्या भावना दुखावल्याबद्दल त्याला टेबलांवरून उठवण्यात आलं आणि जिन्याशेजारी 'अप्रमाणित' अशी पाटी लावून एक टेबल देण्यात आलं. क्लबात अप्रमाणित दुसरं कुणी नसल्यामुळे तिथे तो एकटाच बसू लागला.

घरी त्याने चहाबरोबर राण्यांची चूक सांगितली. मग त्याच्या आधीची सांगितली. तुंबलेल्या पुष्कळ होत्या. बायको हसत हसत ऐकत होती आणि मध्येच "हे तर अगदीच बावळटासारखं केलंत" म्हणत होती, आणि दगडाला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

अकराव्या दिवशी त्याच्या समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाई बसल्या. त्यांनी खिडकीचा राजीनामा दिला होता. दीड हजार अर्ज वाचल्यामुळे क्लबातला कोण कुठे चुकतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"वाटू का?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून ते दोघं तिथे खेळतात. जो हरतो तो आपली चूक सांगतो आणि दुसरा पुढचा डाव वाटतो. क्लबात सर्वांत चांगला खेळ सध्या त्या टेबलावर चालतो, पण तिकडे कुणी फिरकत नाही.

खिडकी मात्र जोरात आहे. रांग आता दारातून बाहेर, रस्त्यावर, वळणापर्यंत जाते. नापास झालेले असतात, बढती चुकलेले असतात, निवडणुकीत पडलेले असतात, सुनेशी न पटणाऱ्या सासवा आणि सासूशी न पटणाऱ्या सुना मागेपुढेच उभ्या असतात. त्या रांगेत आम्ही कुणाकुणाला पाहिलं ते सांगता येईल. पण तुम्हालाही तिथे पाहिलं असं म्हटलं, तर तुम्ही लगेच म्हणाल, माझं प्रकरण जरा वेगळं आहे.

बरोबर आहे. खिडकीवर आलं की प्रत्येकजण सुरुवात याच वाक्याने करतो. वेळ वाचावा म्हणून हल्ली ते अर्जावर आधीच छापलेलं असतं.